साठवणीची वीज : शेतावर बॅटरी व इन्व्हर्टर यांचा उपयोग

भिवंडी तालुक्यांत वीज नाहीं असें आज कोणी म्हणणार नाहीं. यंत्रमागांचें हें गांव विजेवरच वाढलें. आणि २००७ सालच्या जानेवारी महिन्यांत येथील वीजवितरणाचें काम महावितरण कंपनीनें टोरेंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीनें सोपविलें, तेव्हां ती तशा प्रकारची देशांतील पहिलीच व्यवस्था ठरली. परंतु गांवांत वीज असणें ही एक गोष्ट आणि शेतांत वीज असणें ही दुसरी. अंबाडी, पडघें, अनगांव, दाभाड या बाजूंस ज्यांची भातशेती आहे, त्यांस ठाऊकच आहे कीं, खळें व मांगर हीं बहुधा खांबापासून दूर असतात. कापणी झालेली असतां परतीच्या पावसाचा ढग दिसला, म्हणजे झोडणी व भरणी रात्रींतच उरकावी लागते. शिवाय खांब जवळ असला तरी भरंवसा नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे खांब मोडून पडल्यामुळें श्रीवर्धन व मुरूड या बाजूंचीं अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं, वादळ वगैरे कांहीं नसतांही, मुंबई व ठाणें भागांतील वीज बिघाडामुळें एकाएकीं गेली.

अशा प्रसंगीं उपयोगीं पडणारें साधन म्हणजे बॅटरी व इन्व्हर्टर यांची जोडी. घरांत ती पुष्कळांकडे आहे. आतां तीच उचलून खळ्यावर, मळ्यावर किंवा मांगरावर नेण्याची प्रवृत्ति वाढत आहे, व ती चांगली आहे. अडचण इतकीच कीं, विकणारा "रात्रभर चालेल" असें सांगतो आणि रात्रभर काय चालेल हें घेणारा विचारीत नाहीं. हिशेब न करितां घेतलेली बॅटरी दीड-दोन वर्षांत निकामी होते व दोष नशिबाला दिला जातो. सबब हा हिशेब कसा मांडावा आणि हें साधन वापरतांना जीव कसा संभाळावा, एवढेंच या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

बॅटरी ही कणगी आहे, शेत नव्हे

पहिली गोष्ट ही ध्यानांत धरावी कीं, बॅटरींत वीज पिकत नाहीं. ती केवळ साठते. इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं रासायनिक घटापासून वीज काढून दाखविली. परंतु तो घट एकदां संपला म्हणजे संपला. रिकामा झाल्यावर पुन्हां भरतां येईल असा शिशाचा व गंधकाम्लाचा घट फ्रान्समधील प्लाँते यानें १८५९ सालीं तयार केला. आज आपल्या घरीं जी जड बॅटरी असते, ती त्याच घटाची सुधारलेली आवृत्ति होय. तींत सहा खण असतात. प्रत्येक खणाचे सुमारें २ व्होल्ट, मिळून १२ व्होल्ट.

बॅटरींतून निघणारा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो, त्यास डी. सी. म्हणतात. घरच्या तारांतील प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करीत दिशा पालटतो आणि त्याचा दाब २३० व्होल्ट असतो, त्यास ए. सी. म्हणतात. पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर करणारी पेटी ती इन्व्हर्टर. हें रूपांतर फुकट होत नाहीं. गिरणींत दळण टाकलें म्हणजे जशी कांहीं घट येते, तशी येथेंही शेंकडा १५ च्या सुमारास घट धरावी.

आतां कणगीचें माप पाहूं. बॅटरीवर १५० ए. एच. असें लिहिलेलें असतें. या आंकड्यास व्होल्टनें गुणिलें कीं वॅट-तास मिळतात : १५० गुणिलें १२ बरोबर १,८००. एक हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट. तेव्हां कागदोपत्रीं या कणगींत १.८ युनिट माल आहे. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत खरवडली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. शहाणा शेतकरी ज्याप्रमाणें बियाण्याच्या भातास हात लावीत नाहीं, त्याप्रमाणें अर्धा माल आंत राहूं द्यावा. उरले ९०० वॅट-तास. त्यांतून इन्व्हर्टरची घट वजा जातां हातीं येतात सुमारें ७६५, म्हणजे पाऊण युनिट. १५० च्या बॅटरीचें खरें उत्पन्न हें इतकेंच आहे, आणि सर्व बेत यावरच आंखला पाहिजे.

एका रात्रीचा ताळेबंद

समजा, भात घरीं नेईपर्यंत खळ्यावर सहा तास काम चालणार आहे. नऊ वॅटचे चार एल. ई. डी. दिवे सहा तास लाविले तर २१६ वॅट-तास. माणसांना वारा घेण्यास ५५ वॅटचा एक पंखा चार तास चालविला तर २२०. तीन मोबाइल भरण्यास ४५. दुसऱ्या दिवशीं लागणाऱ्या फवारणी-पंपाची १२ व्होल्ट ८ ए. एच. ची लहान बॅटरी रिकामी असेल, तर ती भरण्यास सुमारें १३०. आणखी एक खर्च पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं, तो म्हणजे खुद्द इन्व्हर्टरचा. नुसता चालू ठेविला तरी तो दहा-वीस वॅट खातच असतो. सरासरी १५ वॅट धरल्यास सहा तासांचे ९०. एकूण बेरीज ७०१. जमा ७६५, खर्च ७०१, रात्र निभावली. याच हिशेबांत कोणी ७५ वॅटचा जुना छतपंखा रात्रभर, म्हणजे दहा तास, घालील तर त्याचेच ७५० होतील आणि दिव्यांना कांहीं उरणार नाहीं. प्रत्येक यंत्राच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. ते कागदावर उतरून तासांनीं गुणावे, ही संवय प्रत्येकानें लावून घ्यावी.

यांत काटकसरीचा एक सोपा मार्ग आहे. नुसता उजेडच पाहिजे असेल तर १२ व्होल्टवर चालणारे एल. ई. डी. दिवे फ्यूज घालून सरळ बॅटरीस जोडावे. इन्व्हर्टर मध्यें येत नाहीं, घट वांचते, आणि ओल्या खळ्यावर २३० व्होल्टची भीतिही राहत नाहीं. ज्यांचें काम बहुतांशी दिव्यांचें आहे, त्यांनीं इन्व्हर्टर घरींच ठेविला तरी चालेल.

जें काम बॅटरीचें नव्हे

विहिरीवरील पंप बॅटरीवर चालेल काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर आंकड्यांनींच द्यावें. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. तीन अश्वशक्तीची मोटर, तिच्या अंगची घट धरून, सुमारें ३,००० वॅट ओढते. वर सांगितलेले ७६५ वॅट-तास तिला पाव तासच पुरतील. आणि बॅटरीवर इतका भार एकाएकीं टाकला तर तेवढेही मिळणार नाहींत, कारण ए. एच. चा आंकडा हा बहुधा वीस तासांत सावकाश उपसण्याचा असतो. शिवाय मोटर सुरू होतांना क्षणभर पांच-सहा पट प्रवाह मागते. तो देण्याची ताकद लहान इन्व्हर्टरमध्यें नसते.

पाण्यासाठीं मार्ग निराळा आहे. सौर पंप दिवसा सोलर पॅनेलवरच चालतो. त्यास बॅटरी लागत नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालीं सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीच्या शेंकडा १० व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें शेंकडा ५ भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन, त्यापुढें पांच एकरांपर्यंत पांच, व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्ति असें प्रमाण ठरविलेलें आहे. दिवसा पंप चालवून पाणी उंचावरील टाकींत भरून ठेवावें. पाणी साठविणें हें वीज साठविण्याहून केव्हांही स्वस्त.

बॅटरी कोणती घ्यावी

ट्रॅक्टरची बॅटरी आहेच, तीच वापरूं, असा मोह होतो. तो टाळावा. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या बॅटरीचे पत्रे पातळ व पुष्कळ असतात; क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करणें हें तिचें काम. तिच्यावर रात्रभर दिवे जाळले तर थोड्याच दिवसांत ती बसते, आणि सकाळीं ट्रॅक्टरही उभाच राहतो. सावकाश व खोल उपशासाठीं जाड पत्र्यांची किंवा उभ्या नळ्यांची, म्हणजे ट्यूब्युलर, बॅटरी घ्यावी.

दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेट हिची. अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठाच्या जॉन गुडइनफ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं हें द्रव्य बॅटरीसाठीं पुढें आणिलें. लिथियम बॅटरीवरील एकंदर कामाबद्दल गुडइनफ यांस १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ सालीं, इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. या जातीची १२.८ व्होल्ट १०० ए. एच. ची बॅटरी १,२८० वॅट-तासांची असते. तिचा शेंकडा ८० माल बिनघोर काढतां येतो, म्हणजे इन्व्हर्टरची घट जाऊन सुमारें ८७० वॅट-तास हातीं येतात. वजन बारा-तेरा किलोच्या आसपास. उलट १५० ए. एच. ची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते. ती उचलण्यास दोन माणसें लागतात. सबब जिची नेआण रोज करावयाची आहे, ती लिथियमची घ्यावी. जी मांगरांत एका जागीं ठेवून क्वचित् हलवावयाची आहे, तिला शिशाची पुरे. मात्र लिथियमच्या बॅटरीस तिचाच चार्जर पाहिजे. जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडूं नये.

शिशाची बॅटरी घेतांना वजन विचारावें. १५० चा शिक्का असून वजन फार कमी भरत असेल तर आंत शिसें कमी आहे असें समजावें. हमीच्या कागदावर दुकानदाराची सही व तारीख घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत. इन्व्हर्टर 'साइन वेव्ह' जातीचा घ्यावा. स्वस्त 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पण पंखे घुमतात व मोटरी तापतात. इन्व्हर्टरवरील व्ही. ए. हा आंकडा वॅटचा नव्हे. वॅट त्याहून कमी असतात, तेही विचारून घ्यावे.

नेआण आणि जोडणी

शिशाची बॅटरी नेहमीं उभी न्यावी. ती कलंडली तर आम्ल सांडतें व कपडा, कातडी, लोखंड सर्व खातें. गाडींत लाकडी खोक्यांत ठेवून दोरीनें आवळावी. तिच्यावर पहार, विळे अशीं लोखंडी हत्यारें ठेवूं नयेत. दोन्ही खुंट्यांवर एखादें हत्यार आडवें पडलें तर तें क्षणांत लाल होतें. शेतावर ती फळीवर, सावलींत व वारा खेळेल अशा जागीं ठेवावी. ठाणें जिल्ह्यांत पावसाळा भरपूर. तेव्हां वरून आच्छादन पाहिजे, पण ताडपत्रीनें गुंडाळूं नये.

तारेविषयीं मोठी चूक होते. दाब कमी असला म्हणजे तेवढ्याच कामास प्रवाह अधिक लागतो. ६०० वॅटचा भार इन्व्हर्टरवर असतां बॅटरीकडील तारेंतून सुमारें ६० अँपिअर वाहतात. घरच्या दिव्यांची बारीक तार तेथें जोडली तर ती वितळून आग लागेल. तेथें १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी, ती हातभराहून लांब असूं नये आणि बॅटरीच्या धन खुंटीजवळच योग्य फ्यूज असावा. लांबी पाहिजे असेल तर ती इन्व्हर्टरच्या पुढें, २३० व्होल्टच्या बाजूस घ्यावी.

जीवास अपाय न होण्यासाठीं

'बॅटरीची तर वीज' असें म्हणून बेफिकीर राहणारे लोक पुष्कळ आहेत. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी २३० व्होल्टची वीज ही खांबावरच्या विजेइतकीच मारक आहे. ओल्या हातांनीं व अनवाणी पायांनीं तिला हात लावूं नये. जोड उघडा ठेवूं नये.

दुसरें असें कीं, वीज गेल्यावर कांहीं लोक दोन टोकांना पिना असलेली तार करून इन्व्हर्टर किंवा जनित्राची वीज घरच्या प्लगांत उलटी सोडतात. ती वीज मीटरमधून मागें जाऊन बाहेरील तारेंत उतरूं शकते. तार बंद आहे असें समजून खांबावर चढलेला वायरमन त्यामुळें प्राणास मुकतो. घराच्या तारांना जोडणी करणेंच असेल तर चेंज-ओव्हर स्विच बसवून परवानाधारक माणसाकडूनच करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं कुंपणाच्या तारेंत सरळ २३० व्होल्टची वीज सोडण्याचे प्रकार घडतात, मग ती खांबावरची असो वा इन्व्हर्टरची. अशा कुंपणास लागून माणसें, गुरें मेल्याचीं उदाहरणें महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं घडलीं आहेत. तो गुन्हा तर आहेच. परंतु पहांटे पाण्यावर जाणारा शेजारी किंवा आपलाच मुलगा त्यास बळी पडला तर कोणत्या पिकानें तें भरून निघणार? यासाठीं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारें, प्रमाणित असें झटका-यंत्र मिळतें. तें सेकंदासवासेकंदास अगदीं क्षणिक धक्का देतें. जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. तेंच वापरावें, व कुंपणावर ठळक पाटी लावावी. या यंत्राच्या व कुंपणाच्या मध्यें इन्व्हर्टर कदापि आणूं नये.

चौथें, शिशाची बॅटरी भरली जात असतां तींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं ठिणगीनें स्फोट होतो. बंद खोलींत, पेंढ्याजवळ अथवा चुलीशेजारीं बॅटरी भरूं नये. जवळ विडी ओढूं नये. आम्ल अंगावर उडालें तर भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास बराच वेळ पाण्याची धार धरून लागलीच दवाखाना गांठावा.

निगा व खरा खर्च

शिशाची बॅटरी उपसल्यावर त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं, भरावी. रिकामी पडून राहिली म्हणजे पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे धरतात व तेवढी जागा कायमची नापीक होते. खारवट झालेल्या जमिनीसारखीच ही गत. भरण्याचा प्रवाह ए. एच. च्या सुमारें दहाव्या हिश्शाचा असावा, म्हणजे १५० ला १५ अँपिअर. पाण्याची पातळी महिन्या-दोन महिन्यांनीं पाहून डिस्टिल्ड वॉटरच घालावें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी नको, आणि आम्ल तर मुळींच नको. खुंट्यांवरील पांढरा-हिरवा थर सोड्याच्या पाण्यानें पुसून वर पेट्रोलियम जेली लावावी. हंगाम संपल्यावर बॅटरी भरून ठेवावी व महिन्यांतून एकदां पुन्हां भरावी. उष्णतेनें आयुष्य घटतें, म्हणून पत्र्याच्या खोपींत तापत ठेवूं नये.

खांबाजवळ वीज नसेल तर २०० वॅटचें सोलर पॅनेल स्वच्छ उन्हांत दिवसाकाठीं पाऊण युनिटाच्या आसपास भर घालतें. मध्यें चार्ज-कंट्रोलर अवश्य पाहिजे. आषाढ-श्रावणांत मात्र त्यावर भिस्त ठेवूं नये.

आतां निगेची किंमत रुपयांत मांडूं. समजा, शिशाची बॅटरी १५,००० रुपयांस घेतली. वर सांगितल्याप्रमाणें अर्धीच उपसून वेळेवर भरली आणि ती एक हजार वेळां चालली, तर तिनें ७६५ युनिट दिले. युनिटास सुमारें २० रुपये पडले. तीच बॅटरी तळापर्यंत उपसून, रिकामी ठेवून तीनशें वेळांत मोडली, आणि प्रत्येक वेळीं तेवढाच माल मिळाला असें धरलें, तर युनिटास सुमारें ६५ रुपये पडले. समजा, लिथियमची २५,००० रुपयांची बॅटरी अडीच हजार वेळां चालली, तर युनिटास साडेअकरा-बारा रुपये. यांत भरण्याच्या विजेचा व इन्व्हर्टरचा खर्च निराळा. यावरून दोन गोष्टी उघड होतात. साठवणीची वीज ही कधींच स्वस्त नाहीं. जेथें खांबावरची वीज मिळते तेथें तीच वापरावी. आणि बॅटरी महाग कीं स्वस्त हें दुकानांत ठरत नाहीं, तें घरीं निगेवर ठरतें.

निकामी झालेली बॅटरी वाटेल त्याच्या हवालीं करूं नये व घरीं फोडूं नये. शिशाचा धूर व माती मुलांच्या मेंदूस अपाय करते. ऑगस्ट २०२२ मध्यें लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या गोळा करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेतांना जुनी दुकानांत परत देऊन तिची किंमत वळती करून घ्यावी.

ज्यांच्या घरीं बॅटरी आहे, त्यांनीं तिच्याशेजारीं भिंतीस एक लहान वही टांगावी. तींत केव्हां भरली, किती तास काय चालविलें, पाणी केव्हां घातलें, एवढ्या तीनच रकान्यांची नोंद ठेवावी. धान्याची कणगी आपण मोजून भरतों व मोजून काढतों. विजेची कणगीही तशीच राखली, तर परतीच्या पावसाच्या रात्रीं खळ्यावरचा दिवा मधेंच विझणार नाहीं.